विलेटची वीस मिनिटं

विल्यम विलेट हा लंडनचा नामांकित बिल्डर. भल्या सकाळी घोड्यावरून रपेट मारायची आणि संध्याकाळी दिसेनासं होईपर्यंत गोल्फ खेळायचं, हे त्याचे दोन शौक. उन्हाळ्यात चिझलहर्स्ट आणि पेट्स वुडच्या बाजूच्या झाडीतून तो निघे, तेव्हा ऊन चांगलं वर आलेलं असे आणि वाटेतल्या घरांचे पडदे अजून ओढलेलेच असत. संध्याकाळी मात्र अंधार पडला म्हणून खेळ अर्ध्यावर टाकावा लागे. लोक उजेडात झोपतात आणि अंधारात पैसे खर्चून दिवे जाळतात, हा व्यवहार त्याच्या हिशेबी डोक्याला पटेना. १९०७ मध्ये त्याने पदरमोड करून एक पुस्तिका छापली. तिचं नाव ‘द वेस्ट ऑफ डेलाइट’.

तिच्यातली योजना आज फारशी कुणाला आठवत नाही. एप्रिलमधल्या चार रविवारी घड्याळं दर वेळी वीस मिनिटांनी पुढे करायची आणि सप्टेंबरमधल्या चार रविवारी तशीच वीस-वीस मिनिटांनी मागे घ्यायची. एकूण ऐंशी मिनिटं, पण हप्त्याहप्त्याने. कुणाला जाणवूही नये अशा बेताने.

या कल्पनेचं श्रेय पुष्कळदा बेंजामिन फ्रँकलिनला दिलं जातं. त्याने १७८४ मध्ये पॅरिसच्या वृत्तपत्रात उशिरा उठणाऱ्या पॅरिसकरांची टर उडवणारं एक पत्र लिहिलं होतं, एवढंच. मेणबत्त्यांच्या खर्चाचा हिशेब त्यात आहे. घड्याळाला हात लावायची सूचना नाही. विलेटने मात्र हे काम गांभीर्याने अंगावर घेतलं. १९०८ मध्ये विधेयक ब्रिटिश संसदेत आलं. विन्स्टन चर्चिलसारखा पाठीराखाही मिळाला, तरी चेष्टाच जास्त झाली. चर्चेच्या रगाड्यात वीस मिनिटांचे चार हप्ते गेले आणि एकदम एक तास हा सुटसुटीत आकडा उरला. तोही मंजूर होण्याआधी, १९१५ मध्ये, विलेट वारला. पुढच्याच वर्षी युद्धात कोळसा वाचवायला जर्मनीने ३० एप्रिलच्या रात्री घड्याळं तासभर पुढे केली. शत्रूने केलं म्हटल्यावर ब्रिटनने तीन आठवड्यांत, २१ मे १९१६ रोजी, तेच केलं. पेट्स वुडच्या झाडीत आज विलेटचं स्मारक आहे. ती एक सूर्यघटिका आहे, आणि ती बाराही महिने उन्हाळी वेळच दाखवते.

संसदेने टाकून दिलेली ती वीस मिनिटं आपण या प्रकरणात उचलणार आहोत. कायद्याला ती गैरसोयीची वाटली. रेल्वेचं वेळापत्रक वर्षातून आठ वेळा कोण बदलणार? घरात, सवयी बदलताना मात्र तीच सोयीची आहेत.

आधी घड्याळ फिरवण्याचा हा खटाटोप होतो कुठे आणि का, ते पाहू. लंडनमध्ये जूनचा मोठा दिवस साडेसोळा तासांहून मोठा आणि डिसेंबरचा लहान दिवस आठ तासांहूनही कमी. मुंबईत हीच तफावत सुमारे सव्वातेरा आणि अकरा तासांची. सव्वादोन तासांच्या फरकासाठी घड्याळं फिरवत बसण्यात काही हशील नाही, म्हणून विषुववृत्ताजवळचे बहुतेक देश या भानगडीत पडत नाहीत. आपण घड्याळ तसंच ठेवून कार्यक्रमच सरकवतो. मार्चनंतर ऊन तापायला लागलं की गावोगाव सकाळची शाळा सुरू होते, हे त्याचं अगदी घरगुती उदाहरण. कार्तिकातली काकडआरती हे आणखी एक: एरवी सातशिवाय अंथरूण न सोडणारी माणसं महिनाभर पहाटे देवळात टाळ घेऊन उभी असतात. वाग्भटाने अष्टांगहृदयात दिनचर्येला लागूनच ऋतुचर्येचा अध्याय घातला, तोही उगीच नाही. ऋतू बदलला की दिवसाची घडीही बदलायची, ही समजूत आपल्याकडे जुनी आहे.

युरोपात मार्चच्या शेवटच्या रविवारी घड्याळ पुढे जातं आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी मागे येतं. अमेरिकेत २००७ पासून मार्चचा दुसरा आणि नोव्हेंबरचा पहिला रविवार. तिथेही हवाई आणि बहुतांश ॲरिझोना यातून बाहेर आहेत. ॲरिझोनाच्या वाळवंटात संध्याकाळचं आणखी तासभर ऊन कुणाला हवंय? ऑस्ट्रेलियाच्या लॉर्ड हाउ बेटावर घड्याळ अर्धाच तास हलतं. विलेटच्या सर्वांत जवळ पोचलेली जागा म्हणायची तर तीच.

आता तोटे. ते आहेत, आणि या बदलाची भलामण करणारे लेखक ते झाकून नेतात. मेंदूच्या तळाशी, डोळ्यांकडून येणाऱ्या नसा एकमेकींना छेदतात तिथे वरच्या बाजूला, पेशींचा एक इवलासा पुंजका असतो. झोप, भूक, शरीराचं तापमान यांचं वेळापत्रक तो सांभाळतो आणि सकाळच्या उजेडावर स्वतःला रोज जुळवून घेतो. बहुतेक माणसांत त्याची स्वतःची फेरी चोवीस तासांहून थोडी मोठी असते. नेमक्या मोजणीत ती सरासरी चोवीस तास अकरा मिनिटं भरली. म्हणजे त्याला मोकळं सोडलं तर तो उशिराकडे झुकतो. ऑक्टोबर-नोव्हेंबरचा बदल त्यामुळे शरीराच्या कलाने जातो आणि मार्चचा त्याच्या विरुद्ध. स्वीडनमधल्या नोंदी तपासल्यावर वसंतातल्या बदलानंतरच्या आठवड्यात हृदयविकाराचे झटके सुमारे ५ टक्क्यांनी वाढलेले दिसले. अमेरिकेतल्या खाणकामगारांच्या अपघातांच्या नोंदींचा असाच अभ्यास झाला. घड्याळ पुढे गेल्यानंतरच्या सोमवारी लोक सरासरी ४० मिनिटं कमी झोपलेले होते आणि खाणींतले अपघातही वाढले होते.

या अभ्यासाचा दुसरा अर्धा भाग मला जास्त महत्त्वाचा वाटतो. घड्याळ मागे आलं तेव्हा, म्हणजे तासभर फुकट पदरात पडला तेव्हा, लोकांची झोप काही म्हणण्यासारखी वाढली नव्हती. गेलेला तास झोपेतून जातो. आलेला तास झोपेत जमा होत नाही. मग तो जातो कुठे? ज्याच्या त्याच्या घरी टीव्हीसमोर, फोनमध्ये, असाच कुठेतरी.

विजेची बचत हे या प्रकरणाचं मूळ कारण, तर तेही आता लंगडं झालं आहे. अमेरिकेच्या इंडियाना राज्यातल्या बऱ्याच भागाने २००६ मध्ये ही पद्धत घेतली. तेव्हा घरगुती विजेचा वापर कमी होण्याऐवजी एखाद्या टक्क्याने वाढला. दिव्यांचा खर्च घटला. पण उन्हाळी संध्याकाळी तापलेल्या घरात लोक लवकर परतले आणि एसी जास्त चालले. विलेटच्या काळात घरोघरी एसी नव्हता, त्याला दोष देता येत नाही.

मग ही पद्धत बंद का होत नाही? कारण बदल नको असणाऱ्यांनाही पर्याय सोसवत नाही. ब्रिटनने १९६८ ते १९७१ वर्षभर पुढचीच वेळ ठेवून पाहिली. उत्तरेकडच्या स्कॉटलंडमध्ये हिवाळ्यात सकाळचे नऊ वाजले तरी उजाडेना. अमेरिकेने तेलटंचाईत, जानेवारी १९७४ पासून, तेच केलं. मुलं काळोखात शाळेच्या बसची वाट पाहत उभी राहिली, पालक खवळले आणि प्रयोग वर्षाच्या आतच गुंडाळला गेला. युरोपीय संघाने २०१८ मध्ये लोकांची मतं मागवली तेव्हा ४६ लाख उत्तरं आली आणि ८४ टक्के लोकांनी घड्याळाची ही ओढाताण थांबवा म्हणून सांगितलं. २०१९ मध्ये युरोपच्या संसदेने तसा ठरावही केला. पण कायमची ठेवायची ती उन्हाळी वेळ की हिवाळी, यावर देशांचं एकमत होईना आणि गाडी तिथेच अडली.

तर हे दोन रविवार आहेत आणि राहणार आहेत. ते धोरण म्हणून वाईट असले तरी सवयी बदलायला मात्र फार चांगले आहेत, असं माझं मत आहे.

सवय ही निश्चयावर कमी आणि खुणांवर जास्त चालते. ठरावीक जागा, ठरावीक उजेड, ठरावीक आवाज: एवढ्या खुणा मिळाल्या की हात आपोआप चहाच्या डब्याकडे किंवा फोनकडे जातो. खुणा विस्कटल्या की तेवढ्यापुरता माणूस विचार करून वागायला लागतो. फेब्रुवारी २०१४ मध्ये लंडनच्या भुयारी रेल्वेत दोन दिवस संप झाला. बरीच स्थानकं बंद होती, लोकांना झक मारत दुसऱ्या वाटेने कामावर जावं लागलं. संप मिटल्यावर प्रवासाच्या कार्डांच्या नोंदी तपासल्या तेव्हा सुमारे वीसातला एक प्रवासी जुन्या वाटेवर परतलाच नव्हता. त्याला नवीच वाट बरी वाटली होती. ती आधीही होतीच. बघायला निमित्त मिळालं नव्हतं.

घड्याळाचा बदल असंच निमित्त देतो, आणि तेही तारीख सांगून. शिवाय तो घरातल्या सगळ्यांना एकदम लागू होतो. एकट्याने पहाटे उठायला लागलं की घरच्यांची झोपमोड होते, कुरकुर सुरू होते. ती अडचण इथे नसते.

समजा, न्यू जर्सीतल्या एडिसनमधलं एक मराठी घर आहे. नवरा-बायको नोकरीवाली, दोन मुलं, आणि सांगलीहून सहा महिन्यांसाठी आलेल्या आजी. नोव्हेंबरचा पहिला रविवार. रात्री दोनाचा एक झाला, फोनची घड्याळं गुपचूप मागे आली. आजींना रोज पाचला जाग येते, ती त्या दिवशीही आलीच; भिंतीवरच्या घड्याळात पाच, फोनमध्ये चार, मायक्रोवेव्हवर पाच आणि गाडीत तर सहा, कारण गाडीचं घड्याळ गेल्या हिवाळ्यापासून कुणीतरी भलतंच लावून ठेवलेलं. “अगं, चहा आत्ता टाकू की तासाने?” हा आजींचा प्रश्न. सुनेचं उत्तर, “आई, आजच्या दिवस तुमच्या पोटाला विचारा.” मग सांगलीला भावाला फोन: कालपर्यंत आपल्यात साडेनऊ तासांचं अंतर होतं, आजपासून साडेदहा. तो विचारतो, सरकारने केलं का? हो, सरकारनेच.

या घरात सकाळी सातला उठण्याची पद्धत आहे आणि व्यायामाला वेळ मिळत नाही ही तक्रार. आज मात्र कुणीही न उठवता सगळी सहालाच जागी झाली आहेत. उजेडही त्यांच्या बाजूने आहे: शनिवारी सूर्य साडेसातच्या सुमाराला उगवला, आज साडेसहाला. संध्याकाळी मात्र पाचच्या आतच सूर्यास्त. इतके दिवस जेवणाआधी पाय मोकळे करायला जायचं, तो कार्यक्रम आपोआप बंद पडणार. बहुतेक घरांत तो बंद पडतो आणि मार्चपर्यंत बंदच राहतो. तोच उचलून सकाळी नेला तर? शरीर आधीच जागं आहे, बाहेर उजेड आहे, आणि तो सकाळचा उजेडच मेंदूतल्या पुंजक्याला नवी वेळ शिकवणार आहे. उघड्यावरचं काम दिवसाच्या उजेडाच्या कडेला न्यायचं, हे मला या सगळ्यातलं सर्वांत उपयोगी सूत्र वाटतं. जिमची वर्गणी, नवे बूट, व्यायामाचं ॲप हे सगळं नंतर.

गोची होते ती रात्री. सकाळी सहाला उठायचं तर अकराऐवजी दहाला पडायला हवं. पहिले तीन-चार दिवस डोळे तसे मिटायलाही लागतात, कारण शरीराच्या हिशेबाने अकरा वाजलेले असतात. त्याच वेळी, आज एक तास जास्त आहे म्हणून मालिकेचा आणखी एक भाग लावला की संपलं. गुरुवारपर्यंत शरीर नव्या घड्याळाला सरावतं आणि जुनी अकराची झोप, सातची जाग परत येते. म्हणून सकाळचं काही ठरवण्याआधी रात्रीचं ठरवावं: जेवण तासभर आधी, स्वयंपाकघर आधी आवरलेलं, मोठे दिवे आधी बंद. सकाळ मग फारसा त्रास देत नाही.

आणि घाई नको. लंडनमध्ये झालेल्या, २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात नवी गोष्ट अंगवळणी पडायला मध्यकाच्या हिशेबाने ६६ दिवस लागले. कुणाला १८ पुरले, कुणाचा अंदाज २५४ वर गेला. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारपासून ६६ दिवस मोजले तर आपण संक्रांतीच्या उंबरठ्यावर येतो.

मार्चला विलेट उपयोगी पडतो. एका रात्रीत तास हिरावला जाण्याची वाट का पाहायची? आदल्या बुधवारी वीस मिनिटं आधी झोपायचं आणि गुरुवारी तेवढंच आधी उठायचं. गुरुवारी रात्री आणखी वीस, शुक्रवारी आणखी वीस. शनिवारी रात्री घड्याळ पुढे उडी मारतं तेव्हा घर आधीच पलीकडे पोचलेलं असतं. लहान मुलांच्या बाबतीत दहा-दहा मिनिटांनी, आठवडाभर, अधिक बरं. या दिवसांत सकाळी अंधार परत येतो आणि संध्याकाळ लांबते. लंडनमध्ये मार्चअखेरीस सूर्योदय पावणेसहावरून पावणेसातवर जातो आणि सूर्यास्त साडेसहावरून साडेसातवर. मग चालणं पुन्हा संध्याकाळी आणायला हरकत नाही. सकाळची ती जागा वाचनाला, रियाजाला, डब्याच्या तयारीला द्यावी. वर्षभर एकच वेळापत्रक पाळण्याचा अट्टहास पन्नास अंशांच्या उत्तरेला निभत नाही.

वर्षातून दोनदाच करायची कामंही या रविवारांना जोडून टाकता येतात. ब्रिटन आणि अमेरिकेतली अग्निशमन दलं अनेक वर्षं सांगत आली आहेत की घड्याळ बदलाल त्या दिवशी घरातला धुराचा अलार्मही तपासा. औषधांच्या डब्यातल्या तारखा, गादी उलटणं, कपाटातले हिवाळी कपडे हेही त्याच यादीत बसतं. रोजच्या गोळ्या मात्र स्वतःच्या मनाने सरकवू नयेत. इन्शुलिन किंवा फिटची औषधं ठरावीक अंतराने घेणाऱ्यांनी तासाच्या फरकाचं डॉक्टरांना आधीच विचारून ठेवावं.

इथवर मी गृहीत धरलं की मिळालेला तास आपल्याच पदरात पडतो. तसं नेहमी होत नाही, आणि याचा अनुभव मुंबईने घेतलेला आहे. १ जानेवारी १९०६ पासून सरकारने भारतीय प्रमाणवेळ लागू केली. ती मुंबईच्या स्थानिक वेळेपेक्षा ३९ मिनिटं पुढे होती. गिरणीचा भोंगा नव्या वेळेने वाजायला लागला तर कामगाराने आणखी ३९ मिनिटं अंधारात घर सोडायचं, आणि त्या बदल्यात त्याला मिळणार काय? त्याच महिन्यात गिरणी कामगार रस्त्यावर उतरले. शहरानेही स्वतःची वेळ चिवटपणे सांभाळली. मुंबई टाइम १९५५ पर्यंत टिकला. दुसऱ्या महायुद्धात, सप्टेंबर १९४२ ते ऑक्टोबर १९४५, साऱ्या भारताचं घड्याळ आणखी तासभर पुढे होतं, म्हणजे मुंबईच्या सूर्याच्या जवळजवळ पावणेदोन तास पुढे. अशा तासातून कुणी नवी दिनचर्या घडवली असेल असं वाटत नाही.

आज हिंजवडीत आणि मगरपट्ट्यात हाच प्रश्न निराळ्या वेषात येतो. पुण्यातलं घड्याळ जागचं हलत नाही, सूर्यही फारसा हलत नाही, पण न्यूयॉर्कचे सकाळचे नऊ उन्हाळ्यात आपल्या संध्याकाळी साडेसहाला वाजतात आणि नोव्हेंबरनंतर साडेसातला. तिथली उन्हाळी वेळ संपली की कॉल तासभर पुढे, कॅब तासभर पुढे, जेवण तर कुठल्या कुठे. मार्चमध्ये गंमत आणखी वाढते. अमेरिका दुसऱ्या रविवारी हलते आणि ब्रिटन शेवटच्या, त्यामुळे दोन-तीन आठवडे लंडन-न्यूयॉर्कमधलं अंतर पाचाऐवजी चार तासांचं होतं. दोन्हीकडे क्लायंट असलेल्या टीमचं कॅलेंडर त्या दिवसांत उघडून बघावं. एक बैठक सरकलेली, दुसरी जागेवर आणि मधला माणूस डबा हातात घेऊन लॅपटॉपसमोर.

इथे उजेडाचा मोबदला नाही. तरी हिवाळ्यातला साडेसहा ते साडेसात हा मोकळा झालेला तास खरा असतो, आणि तो ऑफिसच्या मालकीचा नसतो. तो ऑक्टोबरातच घरच्यांबरोबर बसून वाटून घेतला तर सापडतो: सातला सगळ्यांनी एकत्र जेवायचं, किंवा कॉलआधी मुलांचा अभ्यास, किंवा टेकडीवर एक चक्कर. तसं नाही केलं तर आधीची बैठक लांबत लांबत तोही गिळते. एवढं सांभाळायला टीम लीडला आधीच स्पष्ट सांगावं लागतं, आणि कॅलेंडरवर तो तास नावानिशी अडवून ठेवावा लागतो.

शिफ्टच्या नोकरीतूनच ही सगळी कल्पना पहिल्यांदा निघाली, हे त्या टीम लीडला सांगायला हरकत नाही. विलेटच्या बारा वर्षं आधी, १८९५ मध्ये, न्यूझीलंडमधल्या वेलिंग्टनच्या विद्वत्सभेत जॉर्ज हडसन नावाच्या टपाल खात्यातल्या नोकरदाराने उन्हाळ्यात घड्याळ दोन तास पुढे करण्याची सूचना मांडली होती. शिफ्ट सुटल्यावर उरलेल्या उन्हात तो किडे गोळा करायचा आणि त्याला असं ऊन आणखी हवं होतं. सभेतल्या लोकांनी त्याला वेड्यात काढलं. न्यूझीलंडने उन्हाळी वेळ घेतली ती १९२७ मध्ये, हडसन साठीचा झाल्यावर. तोवर त्याची किड्यांवरची पुस्तकं छापूनही झाली होती, त्यांतली चित्रं त्याने स्वतः काढलेली.